कॅम्प एकचा कंप

‘माझी मर्सिडीज ऐंशीला थरथरते’ हे वाक्य उच्चारताना मला जेवढा अभिमान वाटायचा, तेवढाच ऐकणाऱ्याला संशय यायचा. आधी मर्सिडीजचा, मग ऐंशीचा. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये राहणारा माणूस ऐंशीने जातो कुठे? रिक्षा, जीन्सच्या गठ्ठ्यांनी वाकलेले टेम्पो आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करणाऱ्या गाई यांतून शहाड स्टेशन गाठेपर्यंत काटा वीसवर गेला तर तो दिवस चांगला.

गाडी १९९६ची, ई-२२०. मर्सिडीजने १९९५मध्ये पिंपरीला टेल्कोच्या आवारात भारतातली पहिली जुळणी सुरू केली, ती याच जातीची. बाबा सेंच्युरी रेयॉनमध्ये होते. लहानपणी बिर्ला गेटपाशी अशी एक गाडी मी एकदाच पाहिली होती, आणि तेवढ्यावर पुढची पंचवीस वर्षं काढली. मग नव्या अल्टोपेक्षा कमी किमतीत ती मिळाली. एवढ्या स्वस्तात का मिळाली, हा प्रश्न मी सोडून घरातल्या सगळ्यांनी विचारला.

गाडीला दोन तक्रारी होत्या. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड यायची, आणि ऐंशीला स्टेअरिंग हातात थरथरायचं. माझी सगळी विद्वत्ता या दोन तक्रारींना एकच आजार समजण्यात खर्ची पडली.

कल्याणच्या गॅरेजमध्ये उस्तादांनी पहिल्याच दिवशी तीन साधे प्रश्न विचारले. ब्रेक मारल्यावर हलते की न मारता? किती स्पीडला सुरू होते, कितीला थांबते? चाकांचं बॅलन्सिंग केलंय का? ब्रेक मारल्यावर हलली तर डिस्क बघायची, ठरावीक वेगालाच हलली तर आधी चाकं बघायची, असा त्यांचा सरळ हिशोब. मी मात्र उत्तर देण्याऐवजी व्याख्यान दिलं. या गाडीला रॅक नसून जुन्या पद्धतीचा स्टेअरिंग बॉक्स आहे, त्याच्या दांड्यांना डँपर आहे, आणि मागच्या प्रत्येक चाकाला पाच-पाच दांड्या आहेत, हे सगळं मी रात्र-रात्र जागून पाठ केलं होतं. बॅलन्सिंगचं विचारल्यावर गृहपाठ झालेल्या मुलासारखा म्हणालो, “परवाच केलंय!”

उस्ताद म्हणाले, “मग बघू.” या ‘बघू’चा अर्थ मला फार उशिरा कळला.

चालवून बघितल्याशिवाय ते पाना उचलायला तयार नव्हते, आणि ते योग्यच होतं. पण डॉक्टरच्या दारात गेल्यावर ताप उतरावा तशी गाडी शहाड पुलावर एकदम शहाणी झाली. पुढे म्हारळ, वरप, कांबा; दर अर्ध्या किलोमीटरला गतिरोधक. खडखड मनसोक्त ऐकू आली. थरथर मात्र येईना, कारण ऐंशीच येईना. रायत्याच्या अलीकडे एकदा मोकळा रस्ता मिळाला, काटा सत्तरवर गेला, मी “आता बघा!” म्हणून ओरडलो आणि समोर म्हशी आल्या.

तेव्हापासून मी निदान स्वतःच्या हाती घेतलं. आधी स्टेअरिंग डँपर बदलला. डँपर थरथर झाकतो, बरी करत नाही, हे उस्तादांनी सांगितलं होतं. मी त्याचा अर्थ ‘निदान झाकली तरी जाईल’ असा घेतला. मग तीन वेळा अलाइनमेंट. अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. थरथर हा त्याचा प्रांत नव्हे. पण यंत्रावरची हिरवी रेघ बघून मला दर वेळी बरं वाटायचं. मग लोअर आर्मचे बुश, दोन्ही बॉल जॉइंट, टायरॉड. उस्तादांनी टॉमी घालून चाक हलवून दाखवलं, जॉइंटमध्ये खरंच प्ले होता. तो बदलला आणि खडखड गेली. मी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मुरबाड रोडला ऐंशीवर स्टेअरिंग पूर्वीसारखंच थरथरलं. मागच्या सीटवरून बायको म्हणाली, “अहो, आता निदान खडखड न होता थरथरतेय.”

मधल्या काळात एक बुश कुठेच मिळेना. उल्हासनगरात ज्याची नक्कल होत नाही अशी वस्तू नाही, असा जगाचा समज आहे आणि आम्हीही तो कधी खोडून काढत नाही. लेथवाल्याने जुना बुश हातात फिरवला, वास घेतला आणि संध्याकाळपर्यंत हुबेहूब बनवून देतो म्हणाला. “कंपनीचा शिक्का पण मारू?” मी पळालो.

शेवटी दिवाळीआधी उस्तादांनीच फोन केला. “साहेब, उद्या पहाटे या. म्हशी उठायच्या आधी.” सव्वापाचला आम्ही रायत्याच्या पुढे ऐंशी गाठली. त्यांनी डोळे मिटून दोन बोटं स्टेअरिंगला लावली. नव्वदीच्या पुढे थरथर ओसरली. “डावं पुढचं चाक,” ते म्हणाले. या मापाचं चाक ऐंशीला सेकंदाला साधारण अकरा फेऱ्या मारतं; त्यात एका बाजूला वजन जास्त असेल तर सेकंदाला अकरा धक्के, आणि ते नेमके स्टेअरिंगपर्यंत पोचतात.

“पण बॅलन्सिंग…”

गॅरेजमध्ये चाक काढून त्यांनी रिमची आतली बाजू माझ्याकडे फिरवली. तिथे वाळलेल्या मातीचं अर्धं ढेकूळ चिकटलेलं होतं. उरलेलं अर्धं कुठेतरी गळून पडलं होतं, आणि त्याच्या समोर शिशाची वजनं इमानाने बसली होती.

ऑगस्टमध्ये आम्ही बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला गेलो होतो. तिथला चिखल रिमच्या आत वाळला. मी दर रविवारी गाडी धुवायचो, पण बाहेरून, लोकांना दिसेल तेवढी. बॅलन्सिंग करणाऱ्या पोराने विचारलं होतं, “रिम आतून धुऊन घेऊ का?” मी म्हणालो होतो, “नको, घाई आहे.” त्याने मग चिखलासकट चाकाचा तोल साधून दिला, आणि काम अगदी चोख केलं. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात चिखल अर्धा गळला, तोल गेला आणि माझा अभ्यास सुरू झाला.

उस्तादांनी टॉमीच्या टोकाने ढेकूळ खरवडून माझ्या तळहातावर ठेवलं. रिम धुतली, नव्याने बॅलन्स केली. पैसे विचारले तर म्हणाले, “राहू द्या. आधीच खूप झालेत.” ते ऐकून जास्त लागलं.

घरी येताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात थांबलो. दुकानदार अंकल सिंधी. गाडी आली त्या दिवसापासून तिचा आजार ते रोज विचारत. मी ढेकूळ काउंटरवर ठेवून सगळी कहाणी सांगितली. त्यांनी काही न बोलता ते इलायचीच्या काट्यावर ठेवलं.

“पंचावन्न ग्राम. टोटल खर्चा कितना हुआ, साईं?”

“एक्केचाळीस हजार दोनशे पन्नास.”

त्यांनी कॅल्क्युलेटरला हातही लावला नाही. “साडेसातशे रुपया ग्राम,” म्हणाले, आणि चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं, “जीएसटी मिलाके?”