टपाचं अस्तर चढविण्याचा शास्त्रोक्त विधी

जुन्या गाडीचा जीर्णोद्धार काढला की इंजिनावर सगळे बोलतात, रंगावरून सगळे भांडतात. टपाच्या आतल्या अस्तराचा विषय मात्र ते डोक्यावर येऊन पडेपर्यंत कोणी काढत नाही. पडल्यावरही मालक आधी टाचण्या लावतो, मग स्टेपलर मारतो आणि शेवटी मागच्या सीटवरच्या पाहुण्याला "जरा डोक्यानं धरून बसा" अशी विनंती करतो. हे तिन्ही उपाय करून झाले असतील, तरच पुढचं वाचावं.

प्रथम अधिकारभेद. प्रस्तुत मार्गदर्शन प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या थोरल्या बहिणींसाठी, म्हणजे ज्यांना कोल्हापूर आजही सरसकट 'फियाट' म्हणतं त्या गाड्यांसाठी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून डिलाइट निघाली, मग तिची प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. ॲम्बेसिडरवाल्यांनी वाचायला हरकत नाही. अस्तर टांगायची पद्धत तीच, फक्त कापड जास्त लागतं आणि मालकाची ऐटही. छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येते ती उघड्या टपाची, तेव्हा तिथे आम्ही नुसता मुजरा करून बाजूला होतो. आताच्या मारुतीच्या मालकांनी इथूनच परत फिरावं. त्यांच्या टपाला साच्यातून काढलेलं तयार पान असतं, त्यावर फोम आणि फोमवर कापड. फोमचा पिवळा भुगा झाला की कापड सुटून लोंबतं. भुगा खरवडा, नवं चिकटवा, घरी जा. ते काम झालं. हा विधी आहे.

कायद्याचंही एक सांगून टाकतो. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही दोन मानाची अक्षरं. म्हणजे 1974 च्या पहिल्यावहिल्या पद्मिन्या आता या पंगतीला बसल्या. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणायची नाही, अशी अट आहे. कपिलतीर्थाच्या मंडईत भाजीला ती नेता येणार नाही. ती घरी उभी करायची आणि आल्यागेल्याला आत बसवून वर बघायला लावायचं. तेव्हा अस्तर नीट हवं.

आता मुहूर्त. पावसाळ्यात हात लावू नये. कडा चिकटवायचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून, बोटाला लागेनासं होईपर्यंत सुकवून, मग दाबायचं असतं. सुकताना त्यातला द्रव उडतो आणि ती जागा गार पडते. हवा दमट असली की त्या गार जागेवर पाणी धरतं, वर पांढुरकी साय येते, आणि मग सोल्यूशन चिकटतं ते फक्त मिस्त्रींच्या बोटांना. गगनबावड्याकडून ढग यायला लागले की डब्याचं झाकण लावावं. थंडीही वर्ज्य. थंडीत रेक्झिन आखडून कडक होतं. डिसेंबरात कसंबसं ताणलेलं अस्तर मे महिन्यात अंग सैल सोडतं. राहता राहिले मार्च ते मे. त्यात चैत्रातली जोतिबाची यात्रा, त्यात लग्नसराई, त्यात वऱ्हाडाच्या गाड्यांची सीट कव्हरं. आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील नि दिलबहार यांची फुटबॉलची गाठ असेल त्या दिवशी हाताखालच्या पोराच्या पोटात दुखतं. हे सगळं वजा जाता जो दिवस उरेल त्याला मिस्त्री 'उद्या' म्हणतात.

मुहूर्त लागला की उतरवणं. आधी आरसा, मग दोन्ही व्हायझर, मग वरचा दिवा. दिव्याची वायर तोडू नये. तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ती खाली लोंबती ठेवावी आणि लोंबती ठेवली आहे हे सर्वांना सांगावं. सर्वांना. नंतर पुढची आणि मागची काच, कारण अस्तराची कड काचेच्या रबराखाली दडवलेली असते. "काचा न काढता करून देतो" म्हणणारा एक जण हमखास भेटेल. त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

काचा निघाल्यावर या कलेचं मर्म दिसतं. या गाड्यांचं अस्तर टपाला चिकटवलेलं नसतं, टांगलेलं असतं. टपाच्या रुंदीभर कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी सळ्या असतात. त्यांची टोकं दोन्ही बाजूंच्या भोकांत बसतात. अस्तराच्या पाठीवर पायजम्याला असतात तसे नेफे शिवलेले असतात आणि त्यांतून या सळ्या ओवलेल्या असतात. प्रत्येक सळीची लांबी वेगळी, बाक वेगळा. पुढची मागे गेली तर टप मध्येच बसका दिसतो, मागची पुढे आली तर अस्तर पत्र्याला टेकतं आणि गाडी खड्ड्यातून जाताना वर कोणीतरी टिचक्या मारत बसल्यासारखा आवाज येतो. म्हणून सळी निघताक्षणी तिच्यावर क्रमांक घालावा, डावं टोक कुठलं तेही लिहावं. खडूनं लिहू नये. गंज घासताना पहिला तोच जातो. चिंधी बांधावी, गाठी माराव्यात, काहीही करावं. मिस्त्री म्हणतील, "मालक, सगळं ध्यानात हाय माझ्या." असतंच ध्यानात. फक्त सळ्या शुक्रवारी निघतात आणि मंगळवारी बसतात, आणि मधल्या काळात त्याच बाकड्यावर एक ॲम्बेसिडर येऊन गेलेली असते.

जुनं अस्तर खाली येताना तोंड मिटून घ्यावं. वरून येतात ती कुंभारमाशीची वाळलेली मातीची घरं, नमद्याचा भुसा, उंदरानं जमवलेल्या चिंध्या. नमदा म्हणजे पत्र्याला आतून लावलेली ती जाड, केसाळ पट्टी. ती उन्हाची धग आणि पत्र्याचा आवाज दोन्ही अडवते. ती जाग्यावर आहे का बघावी, नसेल तर नवी लावावी, कारण अस्तर चढल्यावर ती आठवली तर विधी पहिल्यापासून. उतरलेलं अस्तर उलटसुलट करून पाहण्यासारखं असतं. चालकाच्या डोक्यावर विडीच्या धुराचा तपकिरी ढग. मागच्या सीटच्या डाव्या अंगाला एक गोल, तेलकट, गुळगुळीत झालेली जागा. तिथे कित्येक वर्षं एकच फेटा घासत गेलेला असतो. त्या डागावरून मालकाची उंची आणि गाडीतली त्याची ठरलेली जागा दोन्ही काढता येतात.

हे फाटकं अस्तर टाकून द्यायचं नाही. तोच तुमचा नकाशा. कोणी त्याला हात पुसण्याआधी ते ताब्यात घ्यावं, शिवणी उसवाव्यात, एकेक तुकडा नव्या रेक्झिनवर पसरून खडूनं आखावा. शिवणीच्या जागा तंतोतंत तिथेच, कारण नेफे शिवणीवर येतात आणि सळ्यांची भोकं पत्र्यात कायमची आहेत. कडांना मात्र चार बोटं सढळ सोडावं. जास्तीचं कापता येतं; कमी पडलेलं अजून कोणाला वाढवता आलेलं नाही, अगदी उद्यमनगरातही, जिथे बाकी सगळं बनवून मिळतं.

कापड कुठलं, यावर घरात मतदान घेऊ नये. या गाड्यांना शोभतं ते बारीक भोकाभोकांचं पांढुरकं रेक्झिन. भाचा म्हणेल मरून मखमल. मेव्हणा म्हणेल, इचलकरंजीत आपल्या ओळखीचा मागवाला आहे, फुकटात ठाण देईल. चिरंजीव मोबाइलवर रोल्स-रॉईसच्या अस्तरातले फायबरचे तारे दाखवतील आणि आपल्याकडे तसंच दिव्यांच्या माळेत कितीला पडेल ते सांगतील. मुंबईत 2015 मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' नावाच्या उपक्रमात तरुण चित्रकारांनी टॅक्स्यांच्या सीटांपासून टपापर्यंत छापील कापडं चढवली. ती सुंदर होती, आणि टॅक्सीला ती शोभली. भाड्याच्या प्रवाशानं वर बघितलं तर त्याची तेवढीच करमणूक. घरच्या गाडीत आमचं मत रेक्झिनलाच. ज्याला आकाशात तारे हवेत त्यानं टप कापून घ्यावा.

आता प्रत्यक्ष चढवणं, आणि इथे कोल्हापूर आडवं येतं. रेक्झिन आधी तासभर उन्हात पसरावं, म्हणजे ते मऊ पडतं. टपाच्या पुढच्या आणि मागच्या कडेला बरोबर मध्यावर खूण करावी, अस्तराच्या मध्यावरही. सळ्या काढल्या त्याच्या उलट क्रमानं ओवून उभ्या कराव्यात. मग मध्याला मध्य जुळवून आधी पुढे ओढायचं, मग मागे, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे, आणि सगळ्यात शेवटी बाजू. त्याही शिवणीच्या रेषेत. मधल्या काळात कड पत्र्यावर धरून ठेवायला फाइलींच्या काळ्या क्लिपा लागतात. इथवर सगळं चार ओळींत मावतं. पण गाडीची चारही दारं सताड उघडी आहेत, आत दोन माणसं पाठीवर आडवी होऊन वर हात करून पडली आहेत, हे दृश्य रस्त्यावरून दिसतं. पाच मिनिटांत गाडीभोवती माणसं.

"काय करालाय?" हा पहिला प्रश्न. त्याला उत्तर देऊ नये. दिलं की दुसरा येतो. एक म्हणतो, "हितनं वढा की." दुसरा म्हणतो, "न्हाई, मधनं. आमच्या काकांची ॲम्बेसिडर हुती." तिसरा गाडी उलट्या दाराची असती तर बरं झालं असतं, असा मुद्दा काढतो, ज्याचा अस्तराशी काही संबंध नाही. एक वयस्कर गृहस्थ काही बोलत नाहीत, नुसते मान हलवतात, आणि त्यांचीच सगळ्यांत जास्त धास्ती वाटते. अशा वेळी संतापून उपयोग नाही. प्रत्येक सल्लागाराच्या दोन्ही हातांत अस्तराची एकेक कड द्यावी आणि "जरा धरा, सोडू नका" म्हणावं. हात अडकले की कोल्हापूरकराचं बोलणं निम्म्यावर येतं. शिवाय या कामाला खरोखरच सहा हात लागतात आणि मिस्त्री दोघांचीच मजुरी लावतात.

सुरकुतीबद्दल स्वच्छ सांगतो. सुरकुती जात नाही, सरकते. उजव्या कोपऱ्यातली ओढली की डाव्या कोपऱ्यात निघते, डावीकडची ओढली की दिव्याजवळ. तिला शिवणीच्या रेषेनं हाकत हाकत कडेला न्यायचं आणि रबराखाली गाडायचं. राहिलेल्या बारीकसारीक सुरकुत्यांना दुरून गरम हवा द्यावी. केस वाळवायचं यंत्र चालतं, ते कोणाचं आहे हे आधी विचारून घ्यावं. जवळून दिली तर रेक्झिन चकाकतं आणि ती चकाकी मरेपर्यंत राहते. सुरकुती बघायला आलेल्या वयस्कर गृहस्थांना नेमकी न गेलेलीच दिसते. दिसू द्यावी.

कडा सोल्यूशननं पक्क्या झाल्या, जादा रेक्झिन कापलं, की काचा. यातली युक्ती मात्र बघत राहावं अशी. काचेला रबर चढवतात, रबराच्या पत्र्याकडच्या खाचेत सगळ्या बाजूंनी एक गुळगुळीत दोरी भरतात आणि तिची दोन टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून ओलांडून आत सोडतात. रबराला साबणाचं पाणी. बाहेरून एक जण तळहातानं काच दाबत, थोपटत राहतो. आतला दोरीचं टोक इंचाइंचानं ओढतो, आणि दोरी निघेल तसतशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावरून उलटून आत येते आणि अस्तराची कड खाली घेऊन बसते. इथे घाई नको. दोरी ओढताना नवं रेक्झिन टरकतं ते इथेच, आणि टरकल्याचा आवाज बाहेरच्या सगळ्यांना ऐकू येतो.

दारांच्या चौकटीचं बिडिंग ठोकावं, आरसा-व्हायझर लावावेत, रेक्झिनवरचे बोटांचे ठसे ओल्या फडक्यानं पुसावेत. आता दिवा. मध्यावर चाचपडून वायर शोधावी. सापडणार नाही. लोंबती ठेवा असं आपण सर्वांना सांगितलं होतं. पण कड धरून उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी ती नीटनेटकी गोळा करून वर नमद्यात खोचली आहे, आणि ते कोण हे आता कोणी कबूल करणार नाही. अस्तर उतरवू नये. दिव्याच्या स्क्रूची भोकं बोटानं दाबून हुडकावीत, त्यांच्या मधोमध ब्लेडनं बारीक अधिकची खूण कापावी, दिव्याच्या पट्टीखाली झाकेल एवढीच, आणि त्यातून तारेचा आकडा घालून वायर बाहेर काढावी. ती निघेपर्यंत मिस्त्रींना बिल करू देऊ नये.