मी सांगणारा कोण?

तीन मराठी माणसं एकत्र आली की चार पदाधिकारी निवडून येतात. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, चिटणीस आणि कोणी रुसू नये म्हणून एक सल्लागार. त्यामुळे ज्या मेळ्याला अध्यक्ष नाही, घटना नाही, पावतीपुस्तक नाही, सभासदांची यादीसुद्धा नाही, असा मेळा पन्नास वर्षं दरसाल भरतो आहे, हे डेन्व्हरच्या भाच्याने फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिली शंका आली ती ही, की मग मांडव कोण घालतं?

मांडव ‘तो’ घालतो. त्याच्याबद्दलच सांगायचं आहे, पण आधी मेळ्याबद्दल चार शब्द.

मेळ्याचं नाव रेनबो गॅदरिंग. पहिला मेळा जुलै १९७२ मध्ये कोलोरॅडोत, ग्रॅन्बी गावाजवळच्या स्ट्रॉबेरी लेकच्या परिसरात भरला. आपल्याकडे १९७२ म्हटलं की दुष्काळ, रोजगार हमीची खडी आणि सुकडी आठवते. तिकडे व्हिएतनामचं युद्ध रेंगाळलं होतं. लांब केसांची हजारो पोरं शांततेसाठी प्रार्थना करायला डोंगरात निघाली. पोलिसांनी रस्ता अडवला, तरी ती चालतच राहिली आणि शेवटी पोचली. तेव्हापासून दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात हा मेळा भरतो, दर वेळी वेगळ्या राज्यात, कुठल्या ना कुठल्या राष्ट्रीय वनात. तिकीट नाही. जेवण फुकट. खरेदी-विक्रीला बंदी. २०२२ साली पन्नाशी झाली म्हणून स्वारी पुन्हा कोलोरॅडोत आली, आणि भाचा म्हणाला, “मामा, चल. पाकीट गाडीतच ठेवायचं, वाटी-चमचा मात्र घे.”

गाडी लावून, पाठीवर बोजा घेऊन, डास मारत जंगलात बरंच चालल्यावर झाडांमधून आरोळी आली, “वेलकम होम!” पाठोपाठ एका अनोळखी दाढीने मला मिठी मारली. इथे प्रत्येकाचं असंच स्वागत होतं. बाहेरचं जग म्हणजे ‘बॅबिलॉन’, आणि हे घर. घर म्हटल्यावर कोणीतरी कर्ता माणूस असणारच, हे मी मनाशी धरून चाललो होतो. तो मला तासाभरात भेटला.

सत्तरीचा, उन्हाने रापलेला, काटक. डोक्याला टोपी, टोपीत पीस. अंगातल्या सदऱ्यावर एके काळी सगळे रंग असावेत. आता त्यातला मातीचा तेवढा पक्का राहिला होता. कमरेच्या पट्ट्याला सुतळीने बांधलेला पत्र्याचा मग, मोजायची टेप, चिकटपट्टीचं रीळ आणि एक मोठा चमचा. कानामागे पेन्सिल. लिहून ठेवणं तत्त्वात बसत नाही, पण पेन्सिल असते. त्याचं खरं नाव कोणाला माहीत नव्हतं. तिथे सगळेच टोपणनावाने वावरतात आणि एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणतात. मी मनातल्या मनात त्याचं नाव दादा ठेवलं.

दादाचं पालुपद एकच : “मी सांगणारा कोण?” हे वाक्य तो दर सूचनेच्या शेवटी लावतो. “हा तंबू ओढ्याच्या फार जवळ आहे. मी असतो तर दोनशे फूट मागे घेतला असता. पण मी सांगणारा कोण?” एवढं बोलून तो तिथेच उभा राहतो. काही बोलत नाही, जातही नाही. तंबूवाला थोडा वेळ तंबूकडे बघतो, थोडा वेळ दादाकडे बघतो, आणि खुंट्या उपटायला लागतो. दादा लगेच म्हणतो, “तुझा निर्णय, ब्रदर.”

काम वाटून देण्याची त्याची हातोटी तर मी पहिल्याच दुपारी अनुभवली. एका चराशी तो फावडं घेऊन उभा होता. मला बघून म्हणाला, “हे जरा धरतोस? आलोच.” मी धरलं. तो आला नाही. फावडं हातात असलेला माणूस चराशेजारी नुसता किती वेळ उभा राहणार? लोक येता-जाता “थँक यू, ब्रदर” म्हणायला लागले, तेव्हा खणायला सुरुवात केली. संध्याकाळी जरा हिंडल्यावर पाहिलं, तर जंगलात ठिकठिकाणी माझ्यासारखेच “आलोच” ऐकलेले लोक राबत होते. कोणी मोळी धरून, कोणी पाण्याचा पाईप धरून, एक बाई बटाट्याचं पोतं धरून. हुकूम एकालाही मिळालेला नव्हता.

चर कसला, ते सांगायला हवं, कारण दादाचा खरा जीव त्यात आहे. हजारो माणसं आठवडाभर जंगलात राहणार म्हणजे संडासाचा प्रश्न आला. लांब, अरुंद, खोल चर खणायचा, कार्यभाग उरकला की वर राख किंवा चुना टाकायचा, शेजारी हात धुवायची सोय ठेवायची. १९८७ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या मेळ्यात शिगेलाची साथ पसरली होती, रक्ती हगवण. दादा ते साल उच्चारताना टोपी काढतो. तेव्हापासून म्हणे त्याने शांतता, प्रेम वगैरे विषय इतरांकडे सोपवले आणि स्वतः चराकडे लक्ष द्यायला लागला. राखेचा डबा उघडा राहिला, वाढप्याची पळी कोणाच्या वाटीला टेकली, पाणी नीट उकळलं नाही, की तो चमच्याने मग बडवत हजर. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासाच्या कामाला आयुष्यातली किती वर्षं दिली! त्यांना हा गडी शिष्य म्हणून नक्की आवडला असता. फक्त अप्पासाहेब सांगणारे होते, आणि तसं म्हणवून घ्यायला लाजत नव्हते.

लग्नघरात एक काका असतात बघा. पत्रिकेत नाव नसतं, नातं नक्की कुठून लागतं ते कोणाला सांगता येत नाही, पण ते दिसेपर्यंत आचारी कढई उतरवत नाही आणि भटजी अंतरपाट धरू देत नाहीत. दादा त्या जातीचा. फरक एवढाच, की काकांना निदान “काका, जरा बघा हो” म्हटलेलं चालतं. दादाला “तूच बघतोस ना सगळं?” असं विचारलं की तो दचकून मागे बघतो. विचारलेलं भलत्याच कोणाला तरी आहे, असा चेहरा करतो.

या दचकण्यामागे तत्त्वज्ञान आहे, तसा कायदाही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनात ७५ किंवा त्याहून जास्त माणसं जमणार असतील तर वनखात्याचा परवाना लागतो. परवाना फुकट मिळतो, पण अर्जावर जमावातर्फे कोणीतरी सही करावी लागते. रेनबोवाले म्हणतात, आमच्यातर्फे सही करू शकेल असा माणूसच अस्तित्वात नाही. हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. कोर्टकचेऱ्या झाल्या, काहींना शिक्षाही झाल्या. वनाधिकाऱ्याशी जो जास्त बोलतो तोच म्होरक्या ठरायचा धोका. दादाचं दुःख असं, की वनाधिकाऱ्याशी बोलल्याशिवाय त्याला राहवत नाही.

एकदा झाडीतून “सिक्स अप!” अशी हाळी आली. गणवेशवाले येत आहेत, हा इशारा. सगळे पांगले. दादा पांगला नाही. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने विचारलं, “इथला प्रमुख कोण?”

“प्रमुख कोणी नाही,” दादा म्हणाला. “आम्ही सगळे व्यक्ती म्हणून आलो आहोत. घटनेने दिलेला जमण्याचा हक्क आहे.”

“ठीक आहे. पाणी कुठून घेता?”

मग दादा सुरू झाला. झरा कोणता, पाईप किती लांब, गाळणी कुठे बसवली, स्वयंपाकघरं कोणती, कुठला चर उद्या बुजवायचा, रुग्णवाहिका कुठवर येऊ शकते, गाड्या कुठे उलट्या तोंडाने लावल्या आहेत आणि का. अधिकाऱ्याची वही भरत आली. शेवटी त्याने मान वर केली.

“आणि आपण?”

“मी?” दादा म्हणाला. “मी इथून चाललो होतो.”

रात्री कुठे भांडण पेटलं, कोणी पिऊन आला, की ओरडायचं, “शांतिसेना!” ऐकेल त्याने धावायचं. दारूवाल्यांचा तळ तसा फाटकाशी, बराच लांब असतो, पण दारूला पाय फुटतात. शांतिसेना ही कल्पना गांधीजींची, आणि ती प्रत्यक्षात आणली विनोबांनी, १९५७ साली. विनोबा आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. अमेरिकेतल्या जंगलात मध्यरात्री ही हाक ऐकल्यावर माझा ऊर भरून आला आणि दुसऱ्या दिवशी मी हे सगळं दादाला सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं.

“विनोबा,” तो आठवत म्हणाला. “कुठल्या किचनमध्ये असायचा?”

इतिहासाचं त्याला वावडं नाही, फक्त तो स्वतःच्या पद्धतीचा लागतो. १९७२ ला तो स्ट्रॉबेरी लेकला होता. असं म्हणणारे मला तिथे इतके भेटले, की सगळ्यांचं खरं धरलं तर पोलिसांच्या बाजूला तरी कोणी उरलं होतं का, असा प्रश्न पडावा. होपी आदिवासींनी फार पूर्वी भाकीत केलं होतं, की इंद्रधनुष्याचे योद्धे येऊन पृथ्वी वाचवतील, हेही तो शेकोटीशी सांगतो. संशोधकांनी शोध घेतला तेव्हा या कथेचा माग १९६२ च्या एका इंग्रजी पुस्तकाशी येऊन थांबला. भाच्याने हे त्याला सांगून पाहिलं. दादा शांतपणे म्हणाला, “मग त्या पुस्तकवाल्याला होपींनीच सांगितलं असणार.”

सभा ही गोष्ट मात्र बघण्यासारखी. सगळे गोल बसतात. पीस हातात असेल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मतदान नाही, निर्णय एकमताने. एकाने जरी मान हलवली तरी ठराव अडतो. मी गेलो त्या सभेत प्रश्न होता, ‘मॅजिक हॅट’मध्ये, म्हणजे जेवणाच्या वेळी फिरवलेल्या टोपीत, जमलेल्या पैशांचं काय आणायचं. एका गटाला कॉफी हवी होती, दुसऱ्याला राजमा. एक मुलगी पीस घेऊन चंद्रावर बोलली. एकाने पीस घेऊन रडून घेतलं. दादा वर्तुळाच्या थोडा बाहेर बसून चमच्याला लागलेली काजळी खरवडत होता. अंधार पडला, पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा पीस फिरत त्याच्याकडे आलं. तो म्हणाला, “राजमा रात्रभर भिजत घालायला लागतो. मी दुपारीच घातलाय. पण मी सांगणारा कोण?” ठराव एकमताने मंजूर झाला.

४ जुलै हा मेळ्याचा मुख्य दिवस. उजाडल्यापासून दुपारपर्यंत मौन, शांततेसाठी. अख्ख्या अमेरिकेत फटाके आणि इथे हजारो माणसं चिडीचूप. दादाचा एरवीचा कारभार ‘मी असतो तर’ छापाच्या वाक्यांवर चालतो. मौनात ती सोय नसते. मग त्याच्या भुवया बोलायला लागल्या. डावी वर गेली की राख टाका. दोन्ही गेल्या की झाकण लावा. चुलीपाशी कोणीतरी ओली लाकडं घातली आणि धूर झाला, तेव्हा दादाच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी अजूनपर्यंत कोणा माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. शेवटी माध्यान्हीला तोंडं रंगवलेल्या पोरांची मिरवणूक गलका करत माळावर आली, मौन सुटलं, सगळ्यांनी हात धरून केवढा तरी ओंकार केला. दादाच्या तोंडून ओमऐवजी आधी बाहेर पडलं, “कोरडी लाकडं!”

त्याने आयुष्यात किती नोकऱ्या सोडल्या, ते त्याने मला अभिमानाने सांगितलं. कारण दर वेळी एकच, साहेब सहन होत नसे. आपण स्वतः अनेकांचे साहेब झालो आहोत, ही बातमी त्याच्यापर्यंत अजून कोणी पोचवलेली नाही, आणि पोचवूही नये. कारण सात तारखेनंतर गिटारवाले, चंद्रवाले, मिठीवाले गाड्यांत बसून बॅबिलॉनला परत जातात, तेव्हा चर बुजवायला, चुलींचे दगड पांगवायला, तुडवलेली जमीन मोकळी करून त्यात बी पेरायला जे मोजके लोक मागे राहतात, त्यांत तो असतो. फुकट खाऊन जाणाऱ्यांना तिथे ‘ड्रेनबो’ म्हणतात. दादा तो शब्द वापरत नाही. तो त्यांच्या हातात फावडं देतो.

भाच्याची आणि माझी निघायची वेळ जवळ आली तेव्हा दादा मला ओढ्याकडे घेऊन गेला. काहीतरी मनात होतं. पलीकडे पंचविशीचा एक पोरगा उभा होता. हातात फावडं, पट्ट्याला टेप, टोपीत ताजं पीस. समोरून दोघं नवखे येताना दिसल्यावर तो म्हणाला, “हे जरा धरता? आलोच.”

“बघितलंस?” दादा हळूच म्हणाला. “याला पुढारीपणाची फार हौस आहे. असल्यांमुळेच चळवळी बुडतात.”

संध्याकाळपर्यंत तो पोरगा डोंगराच्या पार पलीकडच्या किचनमध्ये भांडी घासत होता. त्याला तिकडे कोणी पाठवलं, हे विचारलं तर त्यालाही नीट सांगता येईना.