ज्याची ऑर्डर रद्द, त्याचा पहिला नंबर

ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांना एकच प्रश्न विचारायचा आहे. बर्फ पडला म्हणून तुम्ही घरपोच ऑर्डर रद्द केलीत, हे मान्य. पण जिची ऑर्डर रद्द केलीत तिलाच पुन्हा रांगेच्या शेपटाला का उभं करता?

मोठा बर्फ आला की घडतं ते असं. हवामान खातं आधी पिवळा इशारा देतं, मग अंबर. गुरुवारी बर्फ येणार हे सोमवारपासून सगळ्यांच्या तोंडी असतं. सुपरमार्केटचा मेसेज येतो बुधवारी रात्री, दुकानं बंद झाल्यावर: खराब हवामानामुळे उद्याची डिलिव्हरी होणार नाही, क्षमस्व, कृपया दुसरा स्लॉट निवडा. अ‍ॅप उघडावं तर पुढच्या आठवड्यापर्यंतचे सगळे स्लॉट भरलेले. कोणी भरले? इशारा ऐकून ज्यांनी घाईघाईने बुकिंग केलं त्यांनी. आठवडाभर आधी नंबर लावलेल्या बाई मागे पडल्या आणि काल घाबरलेला गडी पुढे गेला. त्यात निम्म्या घरांत धडधाकट माणसं आणि दारात गाडी. बर्फाचे बूट चढवून दुकानापर्यंत जाणं त्यांना सहज जमलं असतं. ज्यांना जमत नाही, त्यांच्या हातात क्षमस्व.

आता त्या बाईंची यादी नीट पाहू. एकट्या राहणाऱ्या ऐंशीच्या घरातल्या बाईंना आठवड्याला लागतं किती? दूध, ब्रेड, थोडी भाजी, अंडी, चहा, मांजराचं खाणं. पण बहुतेक सुपरमार्केटांत घरपोच मागवायचं तर किमान चाळीस-पन्नास पौंडांची खरेदी करावी लागते. त्याहून कमी झाली तर वर दंडासारखा आकार. मग त्या काय करतात? दोन-तीन आठवड्यांचं सामान एकदम मागवतात. घरातलं संपत आलं की ऑर्डर लावतात आणि त्या एका व्हॅनवर भिस्त ठेवतात. म्हणजे चौकोनी कुटुंबाची ऑर्डर रद्द झाली तर त्यांचा एक आठवडा चुकतो, आणि ते रविवारी गाडी काढून भरपाई करतात. बाईंची ऑर्डर रद्द झाली तर फडताळच रिकामं. किमान रकमेचा नियम तुम्ही केलात, त्यामुळे त्यांची सगळी शिदोरी एकाच व्हॅनमध्ये तुम्हीच कोंबलीत. मग ती व्हॅन आली नाही तर पुढची जबाबदारीही तुमचीच.

यात मला सर्वांत जास्त टोचतं ते वेगळंच. ही घरपोच खरेदी सुरू झाली ती कोणासाठी? मे १९८४. इंग्लंडच्या ईशान्येला गेट्सहेड नावाचं गाव. तिथल्या ७२ वर्षांच्या जेन स्नोबॉल यांनी घरच्या आरामखुर्चीत बसून टीव्हीचा रिमोट उचलला आणि टेस्कोकडून मार्गारिन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली. टीव्ही टेलिफोनच्या तारेला जोडलेला होता, त्यामागचं तंत्र मायकेल ऑल्ड्रिच या तंत्रज्ञाचं. योजना नगर परिषदेची होती आणि ती आखली होती घराबाहेर पडणं अवघड झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. आज अब्जावधी पौंडांचा झालेला हा धंदा एका आजींच्या अंड्यांपासून सुरू झाला. चाळीस वर्षांनी, जिथे त्या सोयीची खरी गरज पडते नेमक्या त्या आठवड्यात, आजींचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो.

व्हॅन येत नाही याची कारणं खोटी नाहीत, हेही सांगायला हवं. मी शेफील्डला राहतो. हे टेकड्यांचं शहर आहे. इथल्या कित्येक गल्ल्या अशा उभ्या की कोरड्या दिवशीही पायी चढताना धाप लागते. रस्त्यावर मीठ टाकण्याचं काम काउन्सिलचं. कायदाही तेच सांगतो: १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टमध्ये २००३ साली कलम घातलं गेलं की बर्फामुळे रस्त्यावरची ये-जा धोक्याची होऊ नये, यासाठी शक्य ते सगळं करावं. पण 'शक्य ते' म्हणजे मुख्य रस्ते, बसचे मार्ग, इस्पितळाकडे जाणारा रस्ता. मिठाचे ट्रक तिथे फिरतात. आडगल्लीच्या तोंडाशी एक पिवळी मिठाची पेटी ठेवलेली असते. फावडं ज्याने त्याने आणायचं. थंडी फार उतरली, उणे सात-आठच्या खाली गेली, की मीठही नीट काम करत नाही. व्हॅन मोठ्या रस्त्याने झकास येते आणि शेवटच्या दोनशे मीटरला अडते.

त्यात टायरांची गोष्ट. जर्मनीने डिसेंबर २०१० पासून नियम स्पष्ट केला: रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाचा राडा असेल तर हिवाळी टायरांशिवाय गाडी चालवायची नाही. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. इथे बर्फ थोडे दिवस पडतो, त्यासाठी टायरांचा दुसरा संच कोण बाळगेल, हे घरगुती गाडीपुरतं ठीक. पण वर्षभर रोज सकाळपासून रात्रीपर्यंत टेकड्यांवर माल पोचवायचा हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांनी डोंगराळ शहरांतल्या व्हॅनना तरी बारमाही टायर घालावेत. साडेतीन टनांची व्हॅन, बऱ्याचदा ताकद मागच्या चाकांना, शेवटच्या घरांपर्यंत येताना मागचा भाग रिकामा होत गेलेला. चढावर चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी मागे सरकते. हे काही अचानक कोसळलेलं संकट नव्हे. शेफील्डच्या टेकड्या कालपरवा उगवलेल्या नाहीत.

व्हॅनवाल्यांवर मात्र कोणी डाफरू नये. बर्फात अडकलेल्या गल्लीच्या खालच्या टोकाला गाडी लावून क्रेट हातात धरून वर चालत आलेले ड्रायव्हर या शहरात पुष्कळांनी पाहिले आहेत. त्यांना तासाला ठरावीक घरं उरकायची असतात आणि घसरून हात मोडला तर तो त्यांचाच मोडतो. जीवावर बेतेल असं वाटलं तर काम थांबवण्याचा हक्क त्यांना १९९६ च्या नोकरी हक्क कायद्याच्या ४४ व्या कलमाने दिला आहे. तो त्यांनी वापरावा. मालकांनीही त्या दिवशी घरांचं गणित सैल करावं आणि चालत जाण्याचा वेळ पगारात धरावा. आजींपर्यंत दूध पोचावं म्हणून कुणाच्या तरुण मुलाने गाडीसकट दरीत जावं, अशी मागणी कोणी शहाणा करणार नाही.

तसं पाहिलं तर बर्फ पडला की या देशात माल कमी पडत नाही, माल आणि माणूस यांच्यातला शेवटचा तुकडा तुटतो. फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस पूर्वेकडून सायबेरियाची थंडी आली, तिला वर्तमानपत्रांनी 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' म्हटलं. स्कॉटलंडमध्ये लाल इशारा लागला, दुसऱ्या दिवशी इंग्लंडच्या नैर्ऋत्येला आणि दक्षिण वेल्समध्येही. दुकानांत ब्रेडची आणि दुधाची फळी रिकामी. त्याच दिवसांत गोठ्यांवर दूध ओतून द्यावं लागत होतं, कारण टँकर शेतापर्यंत पोचत नव्हते. एकीकडे दूध गटारात, दुसरीकडे चहा कोरा.

त्या वेळची दोन दृश्यं मी विसरू शकत नाही. दोन्ही बातम्यांत आली होती. पेनाइन डोंगर ओलांडणारा एम ६२ हा इंग्लंडमधला सर्वांत उंचावरून जाणारा मोटरवे. तो बंद पडला आणि गाड्यांमध्ये लोक रात्रभर अडकले. तेव्हा रॉचडेलच्या बाजूच्या रहिवाशांनी थर्मास, सँडविच, पांघरुणं घेऊन पायी मोटरवे गाठला. उत्तरेला ए १ रस्त्यावर ग्रेग्ज बेकरीची एक व्हॅन रांगेत अडकली होती. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं आणि गाडीतला माल अडकलेल्या लोकांना वाटून टाकला. कुठल्याही अ‍ॅपने त्यांना सांगितलं नव्हतं. समोर उपाशी माणूस दिसत होता आणि हातात खाणं होतं. सुपरमार्केटच्या यंत्रणेला हा समोरचा माणूस दिसतच नाही, ही तिची खरी खोट आहे. तिला दिसतो तो पत्ता आणि रिकामा स्लॉट. त्या पत्त्यावर कोण राहतं, पलीकडे कोणी मदतीला आहे का, याची नोंद तिच्याकडे नसते, आणि असावी असं कोणी तिला सांगितलेलं नाही.

ही नोंद ठेवता येत नाही म्हणाल तर ते साफ खोटं आहे. २०२० च्या मार्चअखेर करोनाच्या टाळेबंदीत सरकारने घराबाहेर पडूच नये अशा आजारी माणसांची यादी इंग्लंडमधल्या सुपरमार्केटांना दिली. याच कंपन्यांनी त्यांच्यासाठी स्लॉट राखून ठेवले. संगणक तोच होता, व्हॅन त्याच होत्या. वीज, गॅस आणि पाणी पुरवणाऱ्या कंपन्या तर कायम एक 'प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर' ठेवतात. निवृत्त माणसं, अपंग, घरात पाच वर्षांखालचं मूल असलेले, वैद्यकीय यंत्रावर जगणारे, अशांनी नाव नोंदवायचं. वीज जायची असेल तर आधी कळवतात, पाणी तुटलं तर बाटल्या दारात आणतात. नोंदणीला पैसे पडत नाहीत. विजेला जो न्याय, तो दुधा-ब्रेडला का नको? सुपरमार्केटवर तसं बंधन नाही, एवढंच त्याचं उत्तर आहे, आणि ते उत्तर पार्लमेंट एका कलमाने बदलू शकतं.

काही जण म्हणतात, थंडीचा देश आहे, घरात साठा करून ठेवावा. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याआधी आगोटीची खरेदी होते, सुकी मासळी, मीठ, तांदूळ, लाकूडफाटा सगळं घरात येऊन पडतं. त्यामुळे मराठी वाचकाला हा सल्ला चटकन पटेल. मलाही साठा करणं पटतं. इथल्या मराठी घरांत पीठ, डाळ, तांदूळ महिनाभराचा असतो, बर्फाचा आठवडा आमटी-भातावर निघून जातो. पण आगोट करायला घर लागतं, माळा लागतो आणि एकदम घालायला पैसे लागतात. एका खोलीत राहणाऱ्या, गुडघ्याएवढा फ्रिज असलेल्या पेन्शनर बाईंना साठा कर म्हणून सांगणं हे सांगणाऱ्याला सोपं आहे. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या डब्यांचाही कोणी महिन्याचा ढीग लावून ठेवत नाही. ते महाग असतात.

कायद्याकडे बोट दाखवून कंपन्या सुटका करून घेतात, त्याचंही बोलतो. २०१५ चा ग्राहक हक्क कायदा चांगला आहे. वेळेवर मिळणं महत्त्वाचं आहे असं आधी ठरलेलं असेल आणि माल आला नाही, तर करार मोडून पैसे परत मागता येतात. पैसे परत मिळतातही, किंवा मुळात कापलेच जात नाहीत. पण बर्फाने वेढलेल्या घरात पैसे उकडून खाता येत नाहीत.

इथल्या मराठी मुलांशीही एक बोलायचं आहे. पुण्याहून, नागपूरहून आईवडील सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात. मुलगा इस्पितळात रात्रपाळीला, सून दुसऱ्या गावात कामाला. बर्फ पडला की दोघंही तिकडेच अडकतात, आणि घरात उरतात ते दोन म्हातारे, ज्यांना ना अ‍ॅप येतं ना घसरड्या फुटपाथवर चालण्याची सवय. नोव्हेंबरच्या आत घराच्या पत्त्यावर त्या रजिस्टरमध्ये नाव नोंदवता येईल का, वीज कंपनीला विचारा. शेजाऱ्यांचा नंबर आईच्या फोनमध्ये घाला आणि तुमचा त्यांच्याकडे द्या. सुपरमार्केटलाही फोन करून सांगा, की घरात वृद्ध आहेत, ऑर्डर रद्द करायची वेळ आली तर आधी बोला. फोन उचलणाऱ्याला ती नोंद कुठे करायची हे ठाऊक नसेल. तरी सांगा. शंभर जणांनी सांगितलं तर कोणीतरी तो रकाना बनवेल.

कंपन्यांचं शेवटचं म्हणणं असं की अंदाज बदलतो, बर्फ येईल म्हणून आधीच रद्द केलं आणि आलाच नाही तर? मग रद्द करू नका, विचारा. सोमवारी इशारा लागला की गुरुवारच्या यादीतल्या वृद्धांना, आजाऱ्यांना, तान्ही बाळं असलेल्यांना मेसेज करा: गुरुवार धोक्यात आहे, तुमचं सामान मंगळवारी आणू का? त्या दोन दिवसांत नव्या बुकिंगवर थोडी मर्यादा घाला. आणि एवढं करूनही ज्याची ऑर्डर तुम्ही रद्द केलीत, त्याचं सामान रस्ता मोकळा झाल्यावर पहिल्या व्हॅनमध्ये चढवा, त्याने पुन्हा अ‍ॅप न उघडता.