सापेक्षकाका

सापेक्षकाकांना किती वाजले असं विचारायचं नसतं. आमच्या सोसायटीत ही सूचना नव्या भाडेकरूला डिपॉझिटच्या आधी देतात. तरी कोणीतरी फसतोच. स्टेशनकडे धावता धावता विचारतो, "काका, किती झाले?" काका थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि उलट विचारतात, "कुणाचे? सरकारचे की पनवेलचे?"

त्यानंतर त्या माणसाची लोकल जाते.

भानगड अशी की भारताची प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंश रेखांशावर, मिर्झापूरच्या बाजूला. पनवेल आहे ७३.१ अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. तेव्हा तिकडे माथ्यावर आलेला सूर्य आपल्या माथ्यावर यायला साडेसदतीस मिनिटं जातात. काकांनी त्यांचे सरळ अडतीस केले आणि मनगटावरचं घड्याळ कायमचं तेवढं मागे लावून टाकलं. "तुम्ही जगा मिर्झापूरच्या सूर्यावर. मी वडाळे तळ्यावरचा सूर्य बघतो."

याला इतिहासाचा आधारही आहे. १९०६ साली इंग्रज सरकारनं प्रमाणवेळ आणली तेव्हा मुंबईकर अडून बसले होते. 'बॉम्बे टाइम' नावाची स्वतःची वेळ त्यांनी पुढे कित्येक वर्षं चालवली. ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. काका हे सांगतात आणि मग आवाज खाली आणून म्हणतात, "आपले अडतीस, त्यांचे एकोणचाळीस. म्हणजे मुंबई पनवेलच्या मागे आहे!" हार्बर लाइनवर उभ्यानं आयुष्य काढलेली माणसं तेवढ्या एका मुद्द्यावर काकांशी सहमत होतात.

बाकी कुठल्याच मुद्द्यावर होत नाहीत. लग्नाला काका पोचतात तेव्हा पंगतीत मठ्ठा आणि आचारी एवढंच उरलेलं असतं. एकदा मात्र काकूंनी त्यांना ओढत वेळेवर नेलं, तर ते थेट गुरुजींपाशी जाऊन बसले. "मुहूर्त कुठल्या वेळेनं काढलात?" गुरुजी म्हणाले, पूर्वी घटका-पळं मोजायची ती त्या त्या गावच्या सूर्योदयापासून, घड्याळ नंतर आलं. काका जन्मभर मुहूर्तांच्या विरोधात बोललेले, आणि भरल्या हॉलमध्ये त्यांच्या बाजूचा एकच माणूस निघाला, तो म्हणजे गुरुजी. दोघंही जेवण होईपर्यंत एकमेकांकडे संशयानं बघत होते.

वार्षिक सभेत काकांनी ठराव मांडला की सातव्या मजल्यानं मेंटेनन्स जास्त द्यावा. कारण? जमिनीपासून जितकं वर जावं तितकं गुरुत्वाकर्षण किंचित कमी आणि घड्याळ किंचित जलद. अमेरिकेत २०१० साली जेमतेम फूटभर उंचीच्या फरकानंसुद्धा अणुघड्याळांत तो फरक दिसला. "सातव्या मजल्याला आमच्यापेक्षा जास्त काळ मिळतो. वापराल तेवढं भरा!" सातव्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, काळ मिळतो पण पाणी चढत नाही. ठराव बारगळला.

मग लिफ्ट. काकांनी घरातला वजनकाटा लिफ्टमध्ये नेऊन ठेवला. लिफ्ट खाली निघताना काट्यावर वजन क्षणभर कमी दिसतं, थांबताना वाढतं. बी विंगमधल्या वहिनींनी निघतानाचा आकडा डोळे भरून पाहिला आणि लिफ्ट थांबायच्या आत काट्यावरून उतरल्या. काकांचा मुद्दा वेगळाच होता. १९०७ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात खुर्चीत बसल्या बसल्या आइन्स्टाइनच्या मनात आलं की छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजन जाणवणारच नाही. या एका विचाराचा पाठलाग करत तो आठ वर्षांनी, १९१५ साली, गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतापर्यंत पोचला: कोणी कोणाला ओढत नाही, वस्तुमानानं अवकाश आणि काळ वाकतात आणि आपण त्या वाकलेल्या वाटेनं जातो. काकांनी हे सोसायटीच्या पोरांना सांगितलं. पोरांनी 'छप्पर' आणि 'पडणं' एवढंच लक्षात ठेवून घरी सांगितलं. त्याच संध्याकाळी सेक्रेटरींनी काकांकडची गच्चीची किल्ली काढून घेतली.

काकांना त्याचं वाईट वाटलं, पण आकड्यानं त्यांना सावरलं. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरतात. वेगामुळे ती थोडी मागे पडतात, उंचीमुळे त्याहून जास्त पुढे जातात. गोळाबेरीज रोज किती? "अडतीस!" काका टाळी मागतात. मिनिटं नव्हेत, मायक्रोसेकंद. पण तेवढी दुरुस्ती केली नाही तर नकाशा एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरनं चुकेल आणि पनवेलला मागवलेली बिर्याणी खारघरला पोचेल. इथे पोरांना प्रथमच आइन्स्टाइनचं महत्त्व पटलं.

त्यातून काकांचे लाडके खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, त्यांचा जन्म १९३८ चा! हे कळल्यावर तळमजल्यावरचे अंकशास्त्रवाले शेजारी हर्षभरित झाले. तीन आणि आठ अकरा, एक आणि एक दोन, दोन म्हणजे चंद्र... "योगायोग!" काका इतक्या जोरात ओरडले की वॉचमन उठला. मग शेजाऱ्यांना जिन्यातच उभं करून त्यांनी नारळीकरांचा प्रयोग ऐकवला. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं, दोन्हींच्या पत्रिका मिसळून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पाठवल्या आणि ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं दिली. बरोबर निघाली शेकडा शेहेचाळीस. "नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती! चार टक्के विद्येत गेले." शेजारी म्हणाले, शेहेचाळीस म्हणजे चार आणि सहा दहा, दहा म्हणजे एक, एक म्हणजे सूर्य.

सहलीचं तर विचारूच नका. काकांनी औंढा नागनाथ सुचवलं. ज्योतिर्लिंगाचं नाव निघताच सगळे हात वर! सेक्रेटरींना गहिवरून आलं. काका म्हणाले, "देऊळ नंतर. तिथे लायगो-इंडिया उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, गुरुत्वीय लहरी टिपायला. अजून बांधकाम व्हायचंय, पण जागा तरी बघू." सगळे हात खाली. सहल अलिबागला गेली.

या माणसाला हे खूळ लागलं कुठून, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. काका नोकरीला होते रसायनीच्या एका कारखान्यात, वजनकाट्यावर. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी, पावती. "सगळी नोकरी वजन करण्यात गेली," ते एकदा म्हणाले, "पण वजन म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती. साहेबाला विचारलं तर म्हणाला, पावती फाड." मग वाचनालयात नारळीकरांची पुस्तकं हाती लागली. गणित कळलं नाही, मराठी कळलं. स्फोटातून विश्व जन्मलं हे जवळजवळ सगळ्या जगानं मानलं तरी हा माणूस शेवटपर्यंत शंका काढत राहिला, आणि तीही आवाज न चढवता, याचं काकांना फार कौतुक.

नारळीकर मुलांना स्वाक्षरीऐवजी सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तर देईन. काकांनीही एक कार्ड लिहून ठेवलं होतं: 'वजन ही वस्तूची गोष्ट की जागेची?' टाकलं मात्र नाही. या वयात मुलांच्या रांगेत कसं शिरायचं? २० मे २०२५ ला नारळीकर गेले. कार्ड अजून काकूंच्या पंचांगात आहे. काकू म्हणाल्या, "अहो, तेवढं एक तरी वेळेवर टाकायचं होतं." काका काही बोलले नाहीत. अडतीसचा हिशेबही मांडला नाही.

मेच्या मध्यावर पनवेलला सूर्य बरोब्बर माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. जुलैच्या शेवटी पुन्हा येतो, पण तेव्हा पनवेलला सूर्यच दिसत नाही. म्हणून मेमधल्या त्या एका दुपारी काका सेक्रेटरींच्या हातापाया पडून पंधरा मिनिटांपुरती किल्ली मिळवतात. सरकारी घड्याळात बारा चौतीस होतात, पोरांच्या मधोमध ठेवलेल्या डब्याची सावली डब्याखाली जाते, आणि एक पोरगी ओरडते, "काका, तुमच्या घड्याळात अजून बाराला चार कमी आहेत!" काका खूश. कोणीतरी पाहिलं! पृथ्वीची कक्षा नेमकी गोल नाही, आस कललेली आहे, म्हणून सूर्य स्वतःच कधी लवकर, कधी उशिरा येतो, हे ते सांगू लागतात. खालून सेक्रेटरी हाका मारतात, पण मागच्या मेमध्ये पंधरा मिनिटं होऊन गेली तरी पोरं हलेनात. माझी मुलगी त्यांत होती. खाली आल्यावर तिनं मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. मी तिला काकांकडे पाठवली.

आमच्या सोसायटीनं वास्तुदोष निघाला म्हणून फाटक हलवायला वर्गणी काढली आणि ती आठवड्यात जमली. दुर्बिणीच्या वर्गणीची यादी काकांनी नोटीस बोर्डावर लावली आहे. तिच्यावर आजतागायत दोन नावं आहेत, काकांचं आणि काकूंचं. तिसरं मी उद्या घालतो आहे. तुमच्या इमारतीतही असा एक माणूस असेलच. पाण्याच्या टँकरची वेळ त्याच्यावर मुळीच सोपवू नका. गच्चीची किल्ली मात्र त्याच्याकडेच ठेवा.