मोलगीची मुलगी

परवा आमच्याच पानावर मथळा होता : ‘मुलगीकडे निघालेली जीप देवगोई घाटात बंद’. बघायला निघालेली मंडळी होती की काय? छे. अक्कलकुव्याहून मोलगीला निघालेली साधी जीप. मोबाइलला मोलगी ठाऊक नाही, मुलगी ठाऊक आहे. त्याने परस्पर बदलून टाकलं. सकाळीच तिकडून फोन : ‘‘दादा, आमच्या गावाचं कन्यादान कोणी केलं?’’

आमच्या नंदुरबार जिल्ह्याने गावांची नावं मुद्रितशोधकाशी वैर असल्यासारखीच ठेवली आहेत. खापर हे गाव आहे, ते कुणाच्या माथी फोडायचं नसतं. काठीची राजवाडी होळी प्रसिद्ध. शहरातला उपसंपादक ती ‘काठ्यांची होळी’ करतो, आणि होळीचा दांडा उंच बांबूचाच असल्याने त्याला चूक पटवताही येत नाही. प्रकाशाचा काना उडाला की तापीकाठचं तीर्थक्षेत्र जाऊन ‘प्रकाश येथे भाविकांची गर्दी’ उरते. आणि नेत्यांचा तळोद्याचा मुक्काम एका अक्षराने तळोजाला हलला, तर थेट तुरुंगच.

यातला एकही शब्द अशुद्ध नाही, हीच गोम. लाल रेघ येते ती चुकलेल्या शब्दाखाली. बरोबर शब्द भलत्याच्या खुर्चीत जाऊन बसला, तर ती गप्प.

मोठ्याने वाचून बघा, असं जुने लोक सांगायचे. मोलगी-मुलगी कानाला सापडेलही. पण दिन आणि दीन? बोलताना दोन्ही सारखेच. मीठ, तीळ, खीर लिहून सरावलेला हात ‘दीन’च लिहितो. दिन मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून ऱ्हस्व. 1962 पासून नियम आहे, पण फ्लेक्सच्या दुकानात तो अजून पोचायचाय.

9 ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. संयुक्त राष्ट्रांनी 1994 साली ठरवलेला. खाली ढोल-पावरी वाजवत हजारो माणसं ताठ मानेने चालली आहेत आणि डोक्यावरचा फ्लेक्स म्हणतोय, ‘आदिवासी दीन’! महिन्याने 9 सप्टेंबर. 1942 साली याच तारखेला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती नंदुरबारात पोलिसांच्या गोळ्यांना सामोरे गेले. त्या पोरांच्या स्मरणाला ‘शहीद दीन’? एक वेलांटी फिरली आणि शूर माणूस केविलवाणा झाला.

यंदा मी आधीच फ्लेक्सवाल्या पोराच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. दोन्ही शब्दांचे अर्थ समजावले. पोरगं चुणचुणीत. म्हणालं, ‘‘काका, एकेक कशाला, सगळीकडे एकदम बदलतो.’’ बटण दाबलं. दिन झाला.

संध्याकाळी चौकात बॅनर लागला. भाऊंचा हात जोडलेला फोटो आणि खाली ठळक अक्षरांत : ‘दिनदुबळ्यांचे कैवारी’.