अंदरसूलचं तिकीट

नाशिकहून एसटीने येवल्याला यायचं, तर मी कित्येक वर्षं अंदरसूलचं तिकीट काढत होतो. 'येवला'मधला 'ये' तोंडातून निघतच नसे. कंडक्टर समोर उभा, मागे सुट्या पैशांवरून भांडण, मी घाबरून म्हणायचो, "एक अंदरसूल." पुढच्या गावाचं भाडं भरून येवल्यात उतरायला लागलो की कंडक्टर ओरडायचा, "ओ अंदरसूल, अजून पुढंय!"

१३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी ज्या गावातून धर्मांतराची घोषणा करून देश हलवला, त्या गावाचं मला नावही घेता येऊ नये!

दुकानातला हिशेब याहून महाग. धंदा पैठणीचा, आणि 'प' माझा जन्माचा वैरी. बाईंनी पदरावरचा मोर निरखत किंमत विचारली की मी सुरू, "पं... पं... पं..." पंचाहत्तर की काय, म्हणून बाई पदर खाली ठेवायच्या. पंधरा हजारांच्या कितीतरी पैठण्या मी चौदाला दिल्या, कारण 'चौदा' सुरळीत निघायचा. अण्णा कपाळाला हात लावून गिऱ्हाइकाला सांगत, "पोरगा पै-पै करतो, पण जपत नाही."

उपाय सगळे झाले. आजीनं वेखंड उगाळून जिभेला लावलं. एका मास्तरांनी ग्रीसच्या डेमॉस्थेनिसची गोष्ट सांगितली, म्हणून तोंडात गोटे धरले. अडखळणं थांबलं, कारण बोलणंच थांबलं. "सावकाश बोल" हे तर प्रत्येकानं सांगितलं, घाईघाईत.

संक्रांतीला मात्र गच्चीवर हलकडी वाजते, आसारी गरगरते, आणि पतंग कटला की गल्लीबरोबर मीही "वकाऽऽट!" ओरडतो. एकदाही अडखळत नाही. चारचौघांबरोबर एका सुरात बोलताना तोतरेपण बहुधा पळतं, असं स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं. पण भाव सांगायला अख्खी गल्ली कुठून आणू? त्या म्हणाल्या, "शब्द बदलू नका. खुशाल अडखळा."

दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाइकाला म्हटलं, "ताई, मी अडखळतो, जरा थांबा," आणि 'पं'वर ठाण मांडलं. ताईंनी तोवर पदर उलटून पाहिला, सुलटून पाहिला; दोन्हीकडून सारखाच. 'पंधरा' बाहेर पडेपर्यंत घासाघीस करायचं त्या विसरूनच गेल्या.

तोतरेपण गेलेलं नाही. परवा एसटीत माझं "ये... ये... ये..." ऐकून मागच्या बाकावरची म्हातारी "आले रे बाबा" म्हणत शेजारी येऊन बसली. तिकीट मात्र येवल्याचंच निघालं.