वाद पाण्याचा नाही

'साइन्स' या सिनेमाचं नाव काढलं की पाच मिनिटांच्या आत कुणीतरी विचारतंच, "पाण्याने भाजणारे परग्रहवासी पाण्याने भरलेल्या ग्रहावर आले कशाला?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्याचं समाधान असतं. समोरचा चिडतो. "अरे, तो सिनेमा परग्रहवाल्यांचा नाहीच, श्रद्धेचा आहे!" त्याच्याही चेहऱ्यावर तेच समाधान. मग दोघंही गप्प. एम. नाइट श्यामलनचा हा सिनेमा 2 ऑगस्ट 2002 ला अमेरिकेत लागला, तेव्हापासून प्रेक्षक या दोन तटांत उभे आहेत. दोन्ही तटांचा नेम चुकलाय, असं माझं मत आहे. शेवट सांगितल्याशिवाय ते मांडता येणार नाही. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही, त्यांनी आधी पाहून यावं.

गोष्ट लहान आहे. पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत मक्याच्या शेतातलं एक घर. ग्रॅहम हेस एके काळी एपिस्कोपल चर्चचा पाद्री होता. बायको कॉलीन अपघातात गेली आणि त्याने पाद्रीपण सोडलं. गावातले लोक अजून 'फादर' म्हणतात, तो दर वेळी नको म्हणतो. मुलं दोन. थोरल्या मॉर्गनला दमा. धाकट्या बो हिला प्रत्येक पेल्यातल्या पाण्यात काहीतरी खोट दिसते, त्यामुळे घरभर अर्धवट प्यायलेले पेले. ग्रॅहमचा भाऊ मेरिल बेसबॉल खेळायचा. चेंडू दिसला की बॅट फिरवायची, एवढंच त्याला ठाऊक. लांब फटक्यांचा विक्रम त्याच्या नावावर आणि बाद होण्याचाही. एका सकाळी शेतातला मका प्रचंड वर्तुळांमध्ये आडवा झालेला दिसतो.

आता भीतीबद्दल. याबाबत दुमत ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. पहिला दीड तास म्हणजे भीती कशी रचावी याचा धडा आहे. जगावर परग्रहवासी चालून आलेत आणि श्यामलन आपल्याला एकही शहर कोसळताना दाखवत नाही. सगळं जग त्या घरात दिवाणखान्यातल्या टीव्हीतून येतं. मुलं डोक्याला चकाकणाऱ्या कागदाच्या टोप्या घालून बसलेली. मेरिल जिन्याखालच्या कोंदट जागेत टीव्ही घेऊन बसतो. ब्राझीलमधल्या एका वाढदिवसाची हलती, घरगुती चित्रफीत सुरू होते. मुलं खिडकीशी ओरडताहेत. मेरिल टीव्हीतल्या मुलांना म्हणतो, सरका बाजूला. आणि मग गल्लीच्या तोंडाशी तो एक जण चालत जातो. काही क्षणच. मेरिल मागे फेकला जातो, त्याच्याबरोबर आपणही.

जुन्या बेबी मॉनिटरचा प्रसंग घ्या. मॉर्गनला त्यातून कुणाचे तरी घशातले आवाज ऐकू येतात. आवाज तुटू नये म्हणून हे चौघं मोटारीच्या टपावर चढतात, एकमेकांना धरून हात उंच करतात. उघड्यावर, भर उजेडात, चार माणसं एकमेकांना घट्ट धरून एका प्लॅस्टिकच्या डबीकडे कान लावून उभी आहेत. आक्रमणाचं याहून नेमकं चित्र मी मोठ्या खर्चाच्या सिनेमांत पाहिलेलं नाही. किंवा स्वयंपाकघरातलं ते कोठीचं दार. आत कोंडलेलं काय आहे ते पाहायला ग्रॅहम दाराखालून सुरी सरकवतो आणि तिच्या पात्यात बघतो. पातं काही दाखवत नाही. दुसऱ्यांदा सरकवतो तेव्हा बोटं बाहेर येतात. जेम्स न्यूटन हॉवर्डचं संगीत तीन सुरांची एकच ओळ पुन्हा पुन्हा कुरतडत राहतं, आणि ऐन वेळी थांबतं.

ज्याने रात्री उभ्या ज्वारीच्या बांधावरून एकट्याने घर गाठलंय, त्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. पीक डोक्याच्या वर गेलेलं असतं. वारा नसताना एका जागी पानं हलतात. विजेरी तिकडे फिरवावी की फिरवू नये, एवढाच प्रश्न उरतो. श्यामलनने तोच प्रश्न विचारला आणि ग्रॅहमच्या हातातली विजेरी मक्यात पाडली.

आणखी एक गोष्ट विसरू नये. चित्रीकरण सप्टेंबर 2001 मध्ये सुरू झालं, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच. पुढच्या ऑगस्टमध्ये जो अमेरिकन प्रेक्षक थिएटरात बसला, तो स्वतः असाच कुटुंबाला कवटाळून टीव्हीसमोर बसून आला होता. सुमारे 7 कोटी 20 लाख डॉलरच्या सिनेमाने जगभरात 40 कोटींहून जास्त मिळवले. ते काही पाण्याच्या कोड्यामुळे नव्हे.

आता पाणीवाल्यांकडे. त्यांचा हिशोब बरोबर आहे. पृथ्वीचा सुमारे 71 टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे. माणसाच्या शरीरातही निम्म्याहून जास्त पाणीच. शेतकऱ्याच्या नजरेने बघाल तर आणखी एक चूक सापडते: पहाटे उभ्या पिकात दव असतं. रात्रभर मक्यातून फिरणारा, पाण्याने भाजणारा प्राणी सकाळपर्यंत वाचायलाच नको. अंगावर कापड नाही, हातात हत्यार नाही, आणि अंतराळ ओलांडून आलेल्याला कोठीचं लाकडी दार उघडता येत नाही. हे सगळं मान्य. पण हे मान्य केल्यावर माझी भीती कमी होते का? नाही. मग हा दोष सिनेमाच्या मर्मावरचा नाही.

एच. जी. वेल्सने 1898 साली 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळवासीयांना जंतूंनी मारलं. इंग्लंड भाजून काढणारी अक्कल ज्यांना होती, त्यांना जंतू सुचले नाहीत. तरी सव्वाशे वर्षं तो शेवट लोकांनी मानला. का? कारण वेल्सच्या शेवटात माणसाची फुशारकी उतरते. तोफा हरतात, सैन्य हरतं, आणि डोळ्यांना न दिसणारा जीव जिंकतो. माणूस वाचतो, पण त्यात त्याचं कर्तृत्व शून्य. शेवट गोष्टीच्या पोटातून आलेला आहे. स्पिलबर्गने 2005 मध्ये हीच कादंबरी पडद्यावर आणली तेव्हा जंतूंवरून फारसं कुणी भांडलं नाही. भांडण झालं ते बॉस्टनमध्ये मुलगा सुखरूप उभा दिसतो त्यावरून. मेलाच असणार असं वाटलेलं पोर दारात हसत उभं राहिलं की प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते रास्त आहे. 2018 च्या 'अ क्वाएट प्लेस'वरही हाच खटला: राक्षसांचे कान एवढे तिखट, तर सैन्याला आधी कसं सुचलं नाही? असे प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात. त्यापलीकडे जायचे कष्ट घ्यावेत.

श्रद्धेच्या तटाचीही माझ्याकडून सुटका नाही. त्यातल्या काहींनी एक तोडगा काढलाय. म्हणे, ते परग्रहवासी नव्हेतच, ते सैतान आहेत. पाणी म्हणजे पवित्र जल, आणि बो म्हणजे ते पवित्र करणारी मुलगी. ऐकायला छान वाटतं. पण सिनेमात रेडिओवर स्पष्ट सांगितलंय की मध्यपूर्वेतल्या तीन शहरांना त्यांना हरवायचा एक प्राथमिक उपाय सापडला. पहिला सुगावा तर रे रेड्डीला, गावातल्या जनावरांच्या डॉक्टरला, लागतो. ते पाण्याजवळ उतरत नाहीत हे त्याला दिसतं आणि तो तळ्याकडे निघून जातो. म्हणजे जगात कुठलंही पाणी चालतं. आवडत्या सिनेमाला ठिगळ लावायला दुसरा सिनेमा शिवू नये.

खरा वाद कॉलीनचा आहे. तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

रात्री फिरायला निघालेल्या कॉलीनला एक गाडी झाडावर चेपते. चालक तोच रे रेड्डी, गाडी चालवताना डुलकी लागलेला. गाडी तिला धरून आहे तोवरच ती जिवंत आहे. ग्रॅहम येतो. ती मुलांसाठी दोन शब्द सांगते, आणि मग ते तुटक बोलणं: ग्रॅहमला सांगा, बघ, मेरिलला सांगा, जोरात फटकाव. पाद्री ठरवतो की हे मरणाऱ्या मेंदूचं असंबद्ध बोलणं आहे. त्या क्षणी त्याची श्रद्धा जाते. हा प्रसंग सिनेमात तुकड्यातुकड्यांनी येतो आणि ग्रॅहम साकारणाऱ्या गिब्सनने त्यात केलेलं काम मी त्याच्या इतर कुठल्याही भूमिकेच्या वर ठेवीन.

शेवटी दिवाणखान्यात तो परग्रहवासी बेशुद्ध मॉर्गनला हातांवर घेऊन उभा असतो. ग्रॅहमला ते शब्द आठवतात. तो बघतो: भिंतीवर मेरिलची बॅट. मेरिल फटकावतो, पेले फुटतात, पाणी उडतं. परग्रहवासीयाने सोडलेला विषारी वायू मॉर्गनच्या फुप्फुसात शिरलाच नाही, कारण दम्याने श्वासनलिका बंद होती. बोची पाण्याची खोड, मॉर्गनचा दमा, मेरिलची बॅट, कॉलीनचे शब्द, सगळं एका क्षणासाठी राखून ठेवलेलं. ग्रॅहमला देव परत मिळतो. अखेरच्या दृश्यात तो पुन्हा पाद्रीच्या वेषात आहे.

आणि इथे माझा विरोध आहे, पूर्ण मनापासून. हा हिशोब मान्य करायचा म्हणजे कॉलीनचं झाडाला चेपून मरणं ही एका निरोपाची किंमत होती, हे मान्य करायचं. देवाला बॅट सुचवायची होती, म्हणून एक बाई गेली. मूल श्वासासाठी तडफडत होतं ती कृपा होती. सुतकात भेटायला येणारी माणसं घरच्यांच्या हातावर हात ठेवून सांगतात, जे होतं ते भल्यासाठीच. मी हे आमच्या घरी ऐकलंय. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता, हेही मला ठाऊक आहे. तरी त्या वाक्याने गेलेलं माणूस लहान होतं. ते कुणाच्या तरी धड्याची पायरी होऊन बसतं.

श्यामलनला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. रे रेड्डीची भूमिका त्याने स्वतः केली. आपल्या पात्राची बायको ज्याने मारली तो माणूस दिग्दर्शकच. आणि हा रे रेड्डी ग्रॅहमला काय सांगतो? की डुलकी नेमक्या त्या काही सेकंदांत लागली, आधी किंवा नंतर लागली असती तर काहीच झालं नसतं, जणू ते ठरलेलंच होतं. अपराधाच्या ओझ्याखाली पिचलेला माणूस असं बोलू शकतो. त्याच्या तोंडी ते वाक्य काळीज चिरतं. पण नंतर पटकथाच उठून उत्तर देते की होय, ठरलेलंच होतं. तिथे सिनेमा माझ्या हातून निसटतो. श्यामलनचा जन्म पुद्दुचेरीतल्या माहेचा, वाढला तो फिलाडेल्फियाच्या परिसरात. हिंदू घरातला हा मुलगा आधी कॅथलिक आणि मग एपिस्कोपल शाळेत शिकला. देवाचा प्रश्न त्याने बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून पाहिलाय. म्हणूनच एवढं सोपं उत्तर त्याच्याकडून घ्यायला मन तयार होत नाही.

वाईट याचं वाटतं की चांगलं उत्तर त्याच सिनेमात आहे, मधोमध. रात्री दोघं भाऊ सोफ्यावर बसलेत. ग्रॅहम म्हणतो, माणसं दोन प्रकारची. आकाशातले दिवे पाहून काहींना वाटतं कुणीतरी पाठीशी आहे. काहींना वाटतं नशिबाचा खेळ आहे, आपण एकटे आहोत. मेरिल स्वतःची एक पोरकट आठवण सांगतो. पार्टीत एका मुलीचं चुंबन घ्यायला वाकला, तेवढ्यात तोंडातला च्युइंगगम काढायला बाजूला वळला आणि ती ओकली. तो चमत्कारवाला. त्याचं चुकलं असं ग्रॅहम म्हणत नाही. आणि स्वतः मात्र सांगतो की आपल्याकडे कुणीही बघत नाहीये. दोघंही प्रेमाने एकमेकांशेजारी बसून राहतात. प्रश्न तसाच राहतो आणि घर उभं राहतं.

हिचकॉकने 1963 मध्ये 'द बर्ड्स'मध्ये पक्षी का चवताळले ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. फळ्या ठोकलेल्या त्या घराची सावली 'साइन्स'वर स्पष्ट पडलेली आहे. शिष्याने गुरूचं मौनही उचलायला हवं होतं. तळघरात विजेरी विझते, मॉर्गनला दम्याचा झटका येतो, औषध वर राहिलेलं. ग्रॅहम मुलाला छातीशी धरून स्वतःच्या श्वासाबरोबर त्याला श्वास घ्यायला लावतो आणि अंधारात देवाला सांगतो की मी तुझा द्वेष करतो. रॉजर ईबर्ट यांनी या सिनेमाला चारपैकी चार तारे दिले होते. त्या तळघरासाठी मी पाचवाही दिला असता. दिवाणखान्यासाठी दोन परत घेतले असते.

या रविवारी घरातले दिवे घालवून 'साइन्स' पुन्हा लावा. पेले मोजू नका. कॉलीन गाडी आणि झाडाच्या मधे उभी आहे तिथे थांबा, तिचं बोलणं नीट ऐका, आणि शेवटचा हिशोब तुम्हाला पटतो की नाही, ते मला लिहून कळवा.